लाल रान, हिरवी वाट

घंटा झाली. पेटीवाल्याने सूर धरला, तबलजीने थाप मारली आणि तिसऱ्या अंकाचा पडदा सुटला.

सारंगखेड्याची जत्रा, एकोणीसशे एकोणीस सालचा मार्गशीर्ष. बाहेर घोड्यांचा बाजार भरलेला, धुळीने आभाळ मळलेलं. तंबूत तापीविलास नाटक मंडळीचा दुपारचा खेळ चालू होता. लांबच्या खेड्यांवरची माणसं दिवस मावळायच्या आत गाड्या जुंपतात, त्यांच्यासाठी मंडळी जत्रेत दुपारचा खेळ लावीत असे. तंबूची वरची कनात एका बाजूने दुमडलेली. तिथून ऊन तिरपं होऊन थेट रंगमंचावर पडत होतं. गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात रंगाचे निम्मे दोष झाकले जातात. दुपारचं ऊन काही म्हणता काही झाकत नाही.

अंक होता वनवासाचा. हद्दपार झालेली राणी मेलेल्या लेकीला मांडीवर घेऊन रानात बसलेली. राणीच्या सोंगात दोधू. चौदा वर्षांचा असल्यापासून तो मंडळीत बायकांची कामं करायचा आणि आता तिशीला टेकला होता. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली लाकडी बाहुली, पाठीमागे नव्या रानाचा पडदा. पडद्याचा दोर विंगेत पितांबरच्या हातात होता. पडदा त्यानेच रंगवलेला, सोडायचाही त्यानेच, असा मंडळीचा रिवाज.

पितांबरने दोर ढिला केला. बांबू गडगडत खाली आला, रान उलगडलं आणि सगळ्या तंबूने एकदम श्वास आत घेतला. बायकांच्या बाजूला एक लहान मूल किंचाळलं.

पितांबरला वाटलं, दोर तुटला. बांबू कुणाच्या डोक्यात पडला. त्याने वर पाहिलं. बांबू जागेवर. दोधू जागेवर. पडदा सरळ, एक सुरकुती नाही. मग झालं तरी काय?

"आरे बापरे! झाडेसले काय व्हयनं?" पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं.

"रगत शे ते! रगत!"

"वनवा लागना, भो! पानी आना!" मागून एक घोडेवाला ओरडला आणि चारजण हसले, पण त्यांचं हसू तिथेच विरलं.

पितांबरने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पिवळं आभाळ, निळे डोंगर, वाकलेली झाडं, मधून गेलेली वाट. त्याने काढलं होतं तसंच सगळं. रक्त कुठे होतं? आग कुठे होती? शेकडो माणसांना जे दिसत होतं, ते रंगवणाऱ्या एकट्याला दिसत नव्हतं. काय झालं असावं ते त्याच्या ध्यानात आलं होतं.

ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

पितांबर हा तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. पुढे घर रनाळ्याला आलं. मिरची हे घरचं पीक. मिरची तोडायला सगळी पोरं रानात उतरली की पितांबरच्या टोपलीत पिकल्या लालबरोबर कच्च्या हिरव्या निघत. बाप म्हणायचा, आळशी आहे. चुलते म्हणायचे, मुद्दाम करतो. मार खाऊन खाऊन तो मिरची बोटांनी दाबून पाहायला शिकला. पिकलेली जरा मऊ लागते. निळा आणि पिवळा त्याला तुमच्याआमच्यासारखेच दिसत. पण लाल आणि हिरवा हे दोन्ही त्याला चिखलासारखे एकाच जातीचे दिसत. बाकीच्यांना त्यात फरक दिसतो हे कळायलाही त्याला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावर त्याने ते पोटात ठेवलं. रंग विचारण्यापेक्षा मार बरा, असं त्याने लहानपणीच ठरवलं होतं.

लग्न होऊन दगूबाई आली. पहिल्याच तोडणीला तिने पाहिलं, की नवरा एकेक मिरची चाचपतोय. बांधावर गेल्यावर त्याची टोपली आपल्या टोपलीखाली सरकवली, पाठमोरी बसून निवडली आणि परत दिली. त्या दिवसापासून पितांबरच्या टोपलीत हिरवी मिरची सापडली नाही. दोघं त्याबद्दल कधी बोलले नाहीत. नवरा-बायकोत असे करार असतात.

पण पितांबरच्या हातात रेघ होती. कोळसा घेऊन त्याने भिंतीवर बैल काढला, तर तो आत्ता शेपटी उडवील असं वाटायचं. नंदुरबारचे कापसाचे व्यापारी भाईदासशेठ यांनी हौसेने नाटक मंडळी काढली, तेव्हा रनाळ्याच्या एका गाडीवरची चित्रं पाहून त्यांनी त्याला उचललं. "पडदे रंगवशील का?" पितांबर हो म्हणाला आणि तीन रात्री झोपला नाही. चौथ्या दिवशी दगूबाईने सात गाडगी ओळीने मांडली. डावीकडून पहिलं खडूचं पांढरं, मग पिवडी, गेरू, हिंगूळ, जंगाल, नीळ, शेवटी काजळी. सरस उकळून, रंग घोटून, प्रत्येक गाडग्यात एक कुंचा. तिने एवढंच सांगितलं, "तिसरं खोडले, चौथं फुलेसले, पाचवं पानेसले." झालं. पितांबर ओळ पाठ करून रंगवू लागला. गेरूचं तिसरं खोडाला आणि वाटेला, हिंगुळाचं लाल फुलांना, जंगालाचं हिरवं पानांना.

चौदा वर्षं चाललं. मंडळीतली पोरं चिडवायची, "पितांबरकाका बायकोच्या पदराला कुंचा बांधून रंगवतो!" पितांबर म्हणायचा, "तिच्या हातचा घोटलेला रंग उडत नाही." भाईदासशेठही मानायचे, की बाईचा हात रंगाला चांगला.

मग अठरा साली मानमोडीची साथ आली. घरात एक दिवस ताप, दुसऱ्या दिवशी तिरडी, असं ते वर्ष. पितांबर-दगूबाईची एकुलती लेक तापी, सहा वर्षांची. तिला गाडीत घालून नंदुरबारला डॉक्टरकडे नेताना, वाटेत पळसाच्या झाडांखाली, भर दुपारी ती आईच्या मांडीवर गेली. पितांबर बैल हाकत होता. मागून दगूबाई म्हणाली, "गाडी फिरवा." तेवढंच.

त्यानंतर ती रडली नाही. लेकीचं नाव घेतलं नाही. पूर्वी नवऱ्याला हाक मारायची ती "तापीना बाप" अशी. आता "आयका" म्हणायची, नाहीतर नुसती समोर येऊन उभी राहायची. सात गाडगी मात्र चुकली नाहीत.

आणि वर्षाने ही जत्रा. नदी उतरताना सामानाची गाडी कलंडली, रानाचा जुना पडदा पाण्यात गेला आणि सगळा रंग तापीला मिळाला. भाईदासशेठांनी डोकं धरलं. "चार दिवसांत नवं रान पाहिजे, पितांबर. जमत नसेल तर आत्ता सांग. सुरतेचा एक रंगारी कधीचा मागे लागलाय. पानन् पान वेगळं काढतो म्हणे. तार केली की गाडीत बसेल." हे शेठ दुसऱ्यांदा सांगत होते. तिसऱ्यांदा सांगायची वेळ येणार नाही, हे पितांबर समजून होता. शेतातला वाटा भावाने कधीच घेतलेला. हातात होता तो कुंचाच.

शहाद्याच्या एका रिकाम्या वखारीत मांजरपाट अंथरला. वर उभं राहून पितांबर रंगवत होता आणि हात आपोआप चालत होता. सरळ झाड काढायला जावं, तर खोड वाकायचं. सगळी झाडं एकाच बाजूला झुकली, खालच्या एका मोकळ्या जागेकडे. डोंगर कुणी गुडघ्यात डोकं घातल्यासारखे आले. वाट निघाली ती मधेच संपली. तो थांबला नाही. पायाखालचं कापड पूर्ण दिसत नसतं, ते टांगल्यावरच दिसतं. वखारीचा राखणदार रायसिंग एकदा आत डोकावला. बराच वेळ पाहत राहिला आणि पाठ न फिरवता, तसाच मागे मागे बाहेर गेला. पितांबरला वाटलं, आवडलं असावं. दगूबाई गाडगी मांडत होती, सरस तापवत होती. वाळल्या वाळल्या पडदा बांबूला गुंडाळून गाडीत पडला, तो थेट तंबूत टांगला गेला. उलगडला तो आता.

तर मंडळी, इकडे रंगमंचावर काय चाललं होतं ते पाहा.

दोधूची पाठ पडद्याकडे होती. त्याला लोकांचे चेहरे दिसत होते. इतक्या वर्षांच्या कामात त्याने असे चेहरे पाहिले नव्हते. भाषण विसरून तो मागे वळला.

झाडांची पानं लाल होती. मिरचीच्या लालीची, ओल्या जखमेसारखी. खोडं हिरवी, शेवाळलेल्या विहिरीच्या भिंतीसारखी. वाट तशीच हिरवी. वर आजाऱ्याच्या डोळ्यांसारखं पिवळं आभाळ. आणि ती सगळी लाल झाडं वाकून राणीच्या मांडीकडे पाहत होती.

दोधू पुन्हा लोकांकडे वळला. बाहुली छातीशी धरली आणि पाठ केलेलं अडीच पानी भाषण सोडून एकच वाक्य म्हणाला, "ऊठ ग, घर आलं." पुन्हा म्हणाला. पेटीवाला सूर द्यायचा विसरला. बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला, मग दुसरीने. मानमोडीने ज्या घरी पाय ठेवला नाही असं घर तेव्हा या मुलखात नव्हतं. पडदा पडला तेव्हा टाळी वाजली नाही. माणसं उठलीही नाहीत.

पितांबर दोर खुंटीला बांधून तंबूच्या मागे धावला. रंगाचं सामान तिथे होतं. सात गाडगी रिकामी, एकात एक घालून ठेवलेली. त्यांच्यावरून आता काही कळणार नव्हतं. कुणी हलवली? रायसिंगने? पोरांनी?

दगूबाई आली. चौदा वर्षांत आज पहिल्यांदा ती बायकांच्या बाजूला बसून खेळ पाहत होती. तिचे डोळे सुजलेले होते, आणि ते पाहूनच पितांबर अर्धा गोंधळला.

"गाडग्यास्ले कोनी हात लावा?" त्याने कुजबुजत विचारलं.

"मी."

"तू? चुकीन?"

"नही."

जगातल्या एकाच माणसावर पितांबरने डोळे मिटून विश्वास टाकला होता. सगळं जग त्याला हसलं असतं तरी चाललं असतं. पण हिने? भर जत्रेत, सुरतेचा रंगारी दारात उभा असताना?

"काबर?" त्याने विचारलं. "मी तुन्हं काय वाईट करं?"

दगूबाई खाली बसली. गाडग्यांवर हात ठेवून बोलली, आणि वर्षाने पहिल्यांदा त्याला तशी हाक मारली. "तापीना बाप, त्या दिन गाडीमा तिनं डोकं मन्हा मांडीवर व्हतं. मी वर देखं. झाडे माले हिरवा दिसनात नहीत. लाल दिसनात. आजलगून लालच दिसतस. तुम्हनी झाडे तशी वाकेल काढी, रडी ऱ्हायनात तशी. मी रोज रातले देखू. त्यास्ले हिरवा रंग कसा देऊ?"

पितांबरला आपण झाडं रडती काढली हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. तो तिच्यासमोर तसाच मातीत बसला.

तेवढ्यात कनात बाजूला झाली आणि भाईदासशेठ आत आले, मागे दोधू. दोधू अजून राणीच्याच सोंगात, हिरवा शालू कमरेला खोचलेला, काजळ गालांवर ओघळलेलं, ओठात बिडी.

"पितांबर!" शेठांचा आवाज चढला आणि मधेच उतरला. रागवावं की काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. "अरे, हे काय केलंस? जन्मात कुणी लाल रान पाहिलंय? मी खुर्चीतून उठलो, तुला मारायलाच निघालो होतो. आणि पाहतो तर... बाया उठेनात. माझी बहीण वत्सलाबाई, पोराच्या मयतीलाही रडली नव्हती, ती धाय मोकलून रडतेय."

"शेठ, त्यानं मुद्दाम केलंय," दोधू म्हणाला. "अहो, एवढ्या वर्षांत मला आज रान दिसलं. आधीचे पडदे म्हणजे नुसता भाजीपाला!" मग पितांबरकडे वळून, "काका, बोला ना! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

शेठ खोक्यावर टेकले. "मुद्दाम केलंस? विचार करून?" त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं. "तर मग शाबास! सुरतेचा रंगारी बसू दे सुरतेत. दरबाराचा पडदाही असाच कर. स्मशानाचा कर. जाहिरातीत तुझं नाव मोठ्या अक्षरात घालतो. मुद्दामच केलंस ना?"

फक्त हो म्हणायचं होतं. पितांबरचं काम राहणार होतं, शिवाय नाव होणार होतं. दगूबाई काही बोलणार नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती खाली पाहून गाडग्याच्या काठावरचा वाळलेला रंग नखाने खरवडत होती. ज्या रंगासाठी शेठ शाबासकी देत होते, तो तिने वर्षभर डोळ्यांत धरून ठेवला होता. तो आपल्या नावावर कसा घ्यायचा?

"रंग हिचे आहेत, शेठ," पितांबर म्हणाला.

"घोटलेले हिचेच असतात. ते मला माहीत आहे."

"घोटलेले नाही. निवडलेले. मी रेघ काढतो, पण लाल कुठलं अन् हिरवं कुठलं, माले समजत नही. लहानपणापासून नही. हिनं गाडगी मांडायची, अन् मी ओळीनं कुंचा बुडवायचा. चौदा वरीस."

दोधूच्या ओठातली बिडी खाली पडली. शेठांनी आधी हसून पाहिलं. मग डोक्यावरचा फेटा काढून पितांबरसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने दोधूच्या शालूचा पदर ओढला. "थट्टा करतोस? माझा फेटा कसला आहे? अन् हा पदर?"

पितांबरने दोन्हींकडे पाहिलं. "तुम्हना फेटा लोकं लाल म्हनतस, म्हनीसन मी बी लाल म्हनस. पदरनं कोनी सांगेल नही."

तंबूबाहेर घोडा खिंकाळला. भाईदासशेठ फेटा हातात घेऊन उभे होते, टक्कल उघडं पडलेलं, आणि समोरचा माणूस पहिल्यांदाच भेटावा तसे ते पितांबरकडे पाहत होते. मग त्यांनी दगूबाईकडे पाहिलं. एका बाईने, न विचारता, त्यांच्या मंडळीचा पडदा रंगवला होता, आणि चौदा वर्षं तीच रंगवत होती, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"आंधळ्याकडून पडदे रंगवून घेत होतो मी," ते शेवटी म्हणाले. त्यात शिवी नव्हती, नुसता धक्का होता. "गावोगाव हे कळलं तर लोक माझ्या तोंडावर हसतील."

दोधूने पुष्कळ रदबदली केली. "शेठ, दोघांना मिळून ठेवा!" शेठ मान हलवत राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण मंडळीत बाई रंगारी आणि रंग न दिसणारा रंगारी, हे त्यांना कुठल्याच खणात बसवता येईना. जत्रा संपेपर्यंत दुसरा पडदा नव्हता म्हणून लाल रान आणखी तीन खेळ टांगलं गेलं. तिन्ही खेळांना बायकांच्या बाजूला उभं राहायला जागा नव्हती. चौथ्या दिवशी सुरतेचा रंगारी आला. त्याने हिरवंगार रान केलं, पानन् पान वेगळं. लोक म्हणाले, छान आहे. शेठांनी जुना पडदा गुंडाळून पितांबरच्या गाडीत ठेवला. "घेऊन जा तुमचं रान. जाळायला सांगू नको, माझ्याच्यानं होणार नाही."

पितांबर आणि दगूबाई रनाळ्याला परतले. भावाच्या शेतात वाट्याने मिरची लावली आणि तोडलेली मिरची उन्हात वाळत घालायला एक मोकळी जागा, पथारी, राखली. मिरची लावा, तोडा, वाळवा, यातच वीस-पंचवीस वर्षं गेली. तो पडदा? संध्याकाळी दव पडायच्या आत तो वाळत घातलेल्या मिरच्यांवर पसरला जायचा. चोवीस हात मांजरपाट, चांगला जाड. दोघांना त्यात वावगं वाटलं नाही. सरसात बांधलेला रंग ओलाव्याने दरवर्षी थोडा थोडा उतरत गेला. पितांबरला लाल-हिरवं कळत नाही, हे आता सगळ्या गावाला माहीत होतं, तरी त्याने कुणाला कधी रंग विचारला नाही. विचारायची वेळच आली नाही. सकाळी दगूबाई पथारीवरून चक्कर मारायची आणि वाटेने येता येता आपणहून म्हणायची, "उगवतीकडल्या लाल व्हयन्यात." एवढं पुरायचं.

बेचाळीस साली दगूबाई गेली.

दोधू आला तो चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात. सिनेमाने मंडळी केव्हाच बसवली होती. त्याचेही दात पडलेले, पण चाल अजून राणीची. त्याला तो पडदा एकदा पाहायचा होता. पितांबरने पथारीच्या टोकाला नेलं. दोघांनी कापड उचलून उन्हात धरलं. लाल पार गेलेलं, हिरवंही गेलेलं. काजळीच्या काळ्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. वाकलेली झाडं, मधेच संपलेली वाट. दोधूला रडू आलं आणि ते लपवायला त्याने बिडी पेटवली. मग म्हणाला, "काका, रंग गेला हो सगळा."

पितांबरने मान हलवली, ते ऐकलं की नाही कळलं नाही. कापडाची आपली बाजू त्याने अलगद खाली ठेवली, वाकून पथारीवरची मूठभर मिरची उचलली आणि बोटांनी दाबून पाहिली. बोटं आता थरथरायची, त्यांना काही समजत नसावं. मग जन्मात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. मूठ उघडून दोधूसमोर धरली.

"दोधू, जरा देखी सांग ना भो, मिरच्या लाल व्हयन्यात का?"